सेवेचे ठायी तत्पर

मातीला भाव असतो हे मला बाप होईपर्यंत माहीत नव्हतं. लहानपणी माती फुकट मिळायची आणि ती अंगाला लागली म्हणून मारही फुकट मिळायचा. आता पुण्यातल्या आमच्या सोसायटीत एकतर पेव्हर ब्लॉक आहेत, नाहीतर कमिटीची बाग आहे, आणि बागेतली माती ही चेअरमनसाहेबांच्या मते सोसायटीची स्थावर मालमत्ता आहे. त्यामुळे सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की मी नर्सरीत जाऊन लाल मातीची पोती विकत घेतो.

"कुठली झाडं लावताय साहेब?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"रायगड."

"मग खत मिसळलेली नका घेऊ. साधी लाल घ्या, चिकट असते, कडा चांगला धरते." दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे सगळी असलीच गिऱ्हाइकं येत असणार.

दिवाळीत मुलं किल्ला करतात, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मुलं किल्ला करवून घेतात. आमचा थोरला चौथीत आहे आणि चौथीला इतिहासात शिवाजी महाराज आहेत. हे पुस्तक त्याने एकदा तरी स्वतःहून उघडावं म्हणून आम्ही जूनपासून विनवण्या करतोय. किल्ल्याचा विषय निघाल्याबरोबर तो तेच पुस्तक मांडीवर घेऊन पार्किंगच्या कठड्यावर बसला आणि मी खाली उकिडवा बसलो. मी चिखल कालवायचा आणि त्याने चुका काढायच्या, अशी कामाची वाटणी झाली.

त्याला खरंतर राजगड हवा होता. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, शिवाय वर बालेकिल्ला. कमिटीने आम्हाला दिलेली जागा म्हणजे एका स्कूटरचं पार्किंग. संजीवनी माची शेजारच्यांच्या गाडीखाली जाईल, हे मी मोजून दाखवलं. प्रतापगड सुचवला, तर तो बी विंगने गेल्या वर्षी केलाय, म्हणजे आता आयुष्यात करायचा नाही. शेवटी रायगडावर तह झाला.

ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो: किल्ल्यात मातीपेक्षा गोणपाट महत्त्वाचं. विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, की आपोआप सह्याद्रीच्या घड्या पडतात. पण तांदूळ हल्ली प्लॅस्टिकच्या पोत्यातून येतो आणि त्यावरून चिखल सगळा खाली घसरतो. भाजीवाल्याच्या मागे लागून बटाट्याची गोणी मिळवली, तर तिला अजून बटाट्यांचा वास होता. त्यावर धाकटीने रायगडाचं नाव "बटाटागड" ठेवलं. थोरल्याने तिला स्वराज्यातून हद्दपार केलं. ती रडत वर आईकडे गेली. आईने दोघींच्या वतीने मलाच खिडकीतून विचारलं, "अहो, तुम्ही खाली नक्की काय करता?"

मी काय करतो ते थोरल्याने सांगितलं. रायगड बांधला हिरोजी इंदुलकरांनी. तिथे जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' असं लिहून त्यांचं नाव कोरलेलं आहे. तेव्हा बाबा हा हिरोजी. मला पदवी आवडली. दुर्दैवाने ती बायकोलाही आवडली. त्या संध्याकाळपासून "हिरोजी, सोऱ्या दाबायला या", "हिरोजी, माळ्यावरून आकाशकंदील काढा" असे हुकूम सुटू लागले. सोऱ्यातून चकली पाडणं हे कडा तासण्यापेक्षा अवघड काम आहे, एवढंच इथे नमूद करतो.

धाकटी सिनिअर केजीत आहे. इतिहासात तिला एकाच गोष्टीत रस वाटला, ती म्हणजे टकमक टोक. गुन्हेगारांना तिथून खाली ढकलायचे, हे ऐकल्यापासून तिने न्यायदानाचं खातं स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी दोन मावळे गेले. मग ब्रश गेला, मग माझा चष्मा. तिला दूध पाजायला आलेल्या आजीचा कपही गेला. आरोप विचारला तर म्हणायची, "आगाऊपणा केला." हे शब्द तिने कुठून उचलले, याचा तपास आम्ही दोघांनीही केला नाही.

मावळे आणायला आम्ही कुंभारवाड्यात गेलो होतो. तिथे भालदार, चोपदार, तोफा, गवळणी, वाघ अशी सगळी रांग मांडलेली असते, आणि प्रत्येक मूर्तीचं माप दुसरीशी फटकून. आमच्याकडे आता महाराज सिंहासनावर बसलेत आणि महादरवाजातला पहारेकरी बसलेल्या महाराजांच्या दुप्पट आहे. दरवाजा त्याच्या गुडघ्याला लागतो. बाजारात हल्ली तयार किल्लेही मिळतात, रंगवलेले, हलके, उचलून आणून ठेवायचे. त्यांच्यावर मी पूर्वी फार टीका करायचो. आता ते घेऊन जाणाऱ्या बापांकडे मी आदराने बघतो.

मग डायनासोरचा प्रश्न आला. धाकटीला गडावर तिचा हिरवा डायनासोर हवा होता. थोरला म्हणाला, शिवकाळात डायनासोर नव्हते. ती म्हणाली, तू कुठे बघायला गेला होतास? हा मुद्दा त्याला खोडता येईना. रडारड वाढली. तेव्हा मी मध्ये पडून सांगितलं की १६७४ साली राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन नावाचा इंग्रज रायगडावर आला होता, आणि एवढ्या उंच गडावर हत्ती उभे बघून ते वर आले कसे, याचं त्याला नवल वाटलं होतं. थोरल्याने बराच वेळ विचार केला. "हत्ती चढला असेल तर डायनासोर चढू शकतो," त्याने निकाल दिला. डायनासोर नगारखान्यापाशी उभा राहिला. दहाव्या मिनिटाला तो टकमक टोकावरून खाली गेला, पण ते न्यायखात्याचं अंतर्गत प्रकरण.

गडावर हिरवळ हवी म्हणून मी अळीव पेरले. ते बायकोने लाडवांसाठी आणून ठेवले होते, हे मला पेरणी झाल्यावर कळलं. "हिरकणी बाळासाठी रात्री कडा उतरली," ती म्हणाली, "तुम्ही अळिवासाठी वाण्यापर्यंत उतरा." उतरलो. दोन दिवस रोज सकाळी पेपरच्या आधी आम्ही तिघं माती बघायचो. थोरल्याचं म्हणणं, पाणी कमी पडतंय. म्हणून धाकटीने गंगासागर तलावात आख्खी बादली ओतली. गंगासागर बाजारपेठेतून वाहत खाली आला आणि महादरवाजासकट शेजारच्यांच्या गाडीच्या चाकापर्यंत पोहोचला. पुन्हा चिखल, पुन्हा गोणपाट, पुन्हा हिरोजी.

वसुबारसेच्या रात्री परतीच्या पावसाने गाठलं. शाळेच्या दिवशी सातला हलवूनही न उठणारी ही दोन मुलं पहिल्या गडगडाटाला ताडकन उठून बसली. रात्री दीडला मी पायजम्यावर रेनकोट चढवून किल्ल्यावर ताडपत्री धरून उभा होतो. वॉचमनने टॉर्च मारला. मी म्हणालो, "मी आहे, ३०२." तो म्हणाला, "माहीत आहे, वरून मॅडमनी सांगितलं की लक्ष ठेव." किल्ल्यावर की माझ्यावर, ते त्याने सांगितलं नाही.

पाडव्याला स्पर्धा. परीक्षक म्हणून एक निवृत्त शिक्षक आले होते. थोरला जय्यत तयार. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले बाराही किल्ले त्याने साल्हेरपासून एका दमात म्हणून दाखवले. त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे, हेही सांगितलं. परीक्षक खूश झाले. मी मागे उभा राहून नखातली माती काढत होतो. नियम क्रमांक चार: पालकांची मदत घेतलेली चालणार नाही. परीक्षकांनी वाकून धाकटीला विचारलं, "आणि बाळ, तू काय काय केलंस?"

"मी शिक्षा दिल्या," ती म्हणाली. "बाकीचं सगळं बाबाने केलं. दादा नुसता ओरडत होता."

बक्षीस बी विंगला गेलं. त्यांनी राजगड केला होता, तिन्ही माच्यांसकट. त्यांच्यातले एक काका सिव्हिल इंजिनिअर आहेत, याकडे परीक्षकांनी का दुर्लक्ष केलं कोण जाणे.

अळीव उगवले भाऊबीजेला, परीक्षक येऊन गेल्यावर. पण काय उगवले! आख्खा रायगड हिरवागार. मी ऑफिसातून आलो की आधी फवारा मारायचो आणि मग घरात चप्पल काढायचो. मुलांना मात्र किल्ल्याचा विसर पडला होता. त्यांच्या मामाने आणलेला रिमोटचा ट्रक आता दिवसभर पार्किंगमध्ये फिरत होता.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात उरलेली लवंगी माळ.

"बाबा, किल्ला उडवायचा."

"अरे, हिरवळ बघ किती छान आलीय! तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे की."

"पण रायगड खरंच उडवला होता," थोरला म्हणाला. "१८१८ साली. इंग्रजांनी तोफा लावल्या, आग लागली, वाडे जळाले."

"तुमच्या पुस्तकात हे नाही."

"तूच सांगितलं होतंस. मागच्या वर्षी, ट्रेकला."

माझ्या ज्ञानाचा घरात पहिल्यांदाच उपयोग होत होता, तो असा. लहान मुलांनी वात पेटवायची नाही हा घरचा नियम आहे, आणि तो मीच केलेला. तेव्हा माळ त्यांनी बाजारपेठेत पुरली, महाराजांना आणि डायनासोरला आदराने बाजूला काढून ठेवलं, आणि उदबत्ती माझ्या हातात दिली.

माळ उडाली. अळिवासकट कडा चारी दिशांना गेला. शेजारच्यांच्या गाडीवर लाल मातीचा थर बसला, वॉचमन पळत आला आणि तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"हे सगळं आता झाडणार कोण?" बायकोने वरून विचारलं. "हिरोजी!"

"आई, हिरोजी नाही," थोरला खालून ओरडला. "किल्ला इंग्रजांनी पाडलाय. त्यांनाच झाडू दे!"

धाकटीने झाडू आणून माझ्या हातात दिला.