‘दोन वायरी जोडा आणि विसरा’: पद्मिनीच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच) काढून त्या जागी तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा. कॉइल (१२ व्होल्टपासून ठिणगीचं उच्च व्होल्टेज बनवणारी) कुठलीही चालते, बॅलास्ट (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर) काढून थेट १२ व्होल्ट द्या, कंडेन्सर आहे तिथेच असू द्या. प्लगचा गॅप १.२ मिलिमीटर करा, एचटी वायरी (प्लगकडे जाणाऱ्या, उच्च व्होल्टेजच्या) तांब्याच्या घाला, टायमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) हात लावू नका. मायलेज तीस टक्के वाढेल, इथेनॉलचा त्रास संपेल, पावसात गाडी बंद पडणार नाही आणि पॉइंट फेकून दिले तरी चालतील. सोबत वायरिंगचं एक चित्रही आहे.

मॉड्यूल जरूर बसवावं, त्याबद्दल वाद नाही. पण या संदेशाबरहुकूम बसवलं तर मॉड्यूल, कॉइल किंवा दोन्ही जळतील, आणि दोष मात्र ‘इलेक्ट्रॉनिक’च्या माथी जाईल.

आधी ते चित्र. ते पद्मिनीचं नाहीच, रोटरी इंजिनाच्या गाडीला बाहेरून बसवलेल्या सीडीआय डब्याचं (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज कॉइलमध्ये सोडणाऱ्या इग्निशनचं) आहे. चित्रात ‘लीडिंग’ आणि ‘ट्रेलिंग’ असे शब्द दिसतात, त्यावरून लगेच ओळखता येतं. माझदाच्या रोटरीत ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सरकती असते, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग लागतात: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचं एकदा ज्वलन होतं, शिवाय सील ओले राहावेत म्हणून इंजिन थोडं ऑइल जाळतं. त्यामुळे प्लग काळे पडतात. सीडीआयचं व्होल्टेज झटक्यात चढतं आणि काजळलेल्या प्लगवरही ठिणगी पडते, म्हणून रोटरीवाल्यांना ते प्रिय. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन वेगळं: एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर (ठिणगी पाळीपाळीनं प्लगना वाटणारा, गॅरेजच्या भाषेत डेल्को), फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ आणि दोन फेऱ्यांत चार ठिणग्या.

हे चित्र पाहून वायरिंग करणारे एक घातक चूक करतात. सीडीआयमध्ये कॉइलच्या दोन्ही टोकांना फक्त डब्याच्याच वायरी जातात, कारण डबा आतल्या कपॅसिटरमधले चारशे-पाचशे व्होल्ट कॉइलमध्ये सोडतो. चावीकडून येणारी वायर कॉइलवर न जाता डब्याच्या बारीक लाल वायरीला जाते. ती सवयीने कॉइलच्या अधिक टोकावरच राहिली, तर ते चारशे व्होल्ट गाडीच्या सगळ्या वायरिंगमध्ये शिरतात. चालू इंजिनावर त्या टोकाला हातही लावू नये. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं छोटं मॉड्यूल हा अगदी वेगळा प्रकार आहे. तिथे, बॅलास्ट नसेल तर, लाल वायर कॉइलच्या अधिकवर आणि काळी उण्यावर जाते. एकाचं चित्र दुसऱ्याला लावायचं नाही.

‘कॉइल कुठलीही चालते, बॅलास्ट काढून टाका.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्यानं होतं. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर घ्या आणि अधिक-उणे टोकांमधला रोध मोजा. मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवल्यावर दिसणारे ०.२-०.३ ओहम त्यातून वजा करा. उत्तर ३ ओहमच्या आसपास आलं तर कॉइल बॅलास्टशिवाय चालणारी आहे. १.५ ओहम आलं तर ती बॅलास्ट गृहीत धरून बनवलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले, तर ३ ओहमच्या कॉइलमधून ४.६ अँपिअर जातात. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टविना लावली तर ९.२, म्हणजे दुप्पट. साधं मॉड्यूल एवढा करंट पेलत नाही. बॅलास्ट असेल तर तो कॉइलसाठी राहू द्या, मात्र मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या अलीकडून, म्हणजे चावीच्या बाजूनं घ्या. त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं.

याच्याशीच जोडलेली एक सवय मोडायला हवी: इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसणं. इंजिन थांबल्यावर आपोआप कॉइल बंद करण्याची सोय बऱ्याच स्वस्त मॉड्यूलांत नसते. ३ ओहमच्या कॉइलमध्ये तेव्हा ५० वॅट उष्णता तयार होत राहते, म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी. दहा-पंधरा मिनिटांत कॉइल हाताला चटका देते. आतलं तेल बाहेर आलं की ती संपली.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते काम सगळ्यांत आधी करायचं: कॉइलपर्यंत व्होल्टेज पोहोचतं का, ते पाहायचं. पॉइंट अजून जागेवर आहेत आणि मिटलेले आहेत अशी स्थिती घ्या, चावी चालू करा. मीटरची लाल सुई बॅटरीच्या अधिकवर, काळी कॉइलच्या अधिकवर (बॅलास्ट असेल तर त्याच्या चावीकडच्या टोकावर). आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. जुन्या चावीचे आतले पत्रे काळवंडलेले आणि फ्यूज बॉक्सच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतील तर १.५ व्होल्टही दिसतो. नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या बाजूला खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. १.५ व्होल्ट वाटेत गेले की ठिणगीची ऊर्जा पाऊणपटीवर येते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्टार्टर फिरताना बॅटरीच दहा व्होल्टवर उतरते. त्यातून आणखी दीड गेला की काही मॉड्यूल काम सोडतात. मग ‘धक्का मारल्यावर चालू होते, सेल्फवर नाही’ अशी तक्रार येते.

उपाय स्वस्त आहे. चार पिनांचा ३० अँपिअरचा रिले घ्या. बॅटरीच्या अधिकवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, तिच्यात बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज, आणि ती पिन ३० वर. पिन ८७ वरून १.५ चौरस मिलिमीटरची वायर कॉइलकडे. बॅलास्ट असेल तर त्याच्या आधी. चावीकडून कॉइलला जाणारी जुनी वायर पिन ८६ वर, आणि ८५ स्वच्छ अर्थिंगवर. वायरीची टोकं नुसती पिळून टेप मारू नका. लग दाबून बसवा, वर श्रिंक ट्यूब घाला. अर्थिंगही तितकंच महत्त्वाचं: डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या प्लेटला बॉडीशी जोडणारी कापडी आवरणाची छोटी वायर बहुतेक वेळा आतून तुटलेली असते आणि वरून धड दिसते. मीटरवर ओहम मोजत ती हलवून पाहा. आकडा नाचला तर बदला.

‘कंडेन्सर राहू द्या.’ नको. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू नये आणि कॉइलचा करंट झटकन तुटावा, म्हणून तो पाव मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर असतो. ट्रान्झिस्टर करंट स्वतःच झटकन तोडतो. कॉइलच्या उण्या टोकावर कंडेन्सर राहिला तर प्रत्येक वेळी तो ट्रान्झिस्टरमधूनच रिकामा होतो आणि त्याला विनाकारण झटके देतो. रेडिओची खरखर थांबवणारा कंडेन्सर कॉइलच्या अधिक टोकावर असतो, तो राहू द्यावा. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून काढताना वायर कुठल्या टोकाला जाते ते पाहा.

‘प्लगचा गॅप १.२ करा.’ पॉइंटवर ०.६ ते ०.७ ठेवलेला गॅप मॉड्यूलनंतर ०.८ पर्यंत नेला तर पुष्कळ झाला. गॅप वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि व्होल्टेज सगळ्यांत सोपी वाट धरतं. डिस्ट्रिब्युटरच्या पंचवीस-तीस वर्षांच्या कॅपला केसाएवढी चीर असेल तर ती वाट प्लगमधून न जाता चिरेतून जाते. कॅप उलटी करून टॉर्चच्या उजेडात पाहा: दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती घासून जात नाही, कॅपच बदलावी लागते. मधला कार्बन बोटानं दाबल्यावर उसळून वर यायला हवा.

‘तांब्याच्या वायरी घाला, ठिणगी मोठी होते.’ कॉइलच्या आतल्या बारीक वेटोळ्यांचाच रोध सहा ते दहा हजार ओहम असतो. त्यात प्लगवर पाच हजार ओहमची रेझिस्टर कॅप आली म्हणून ठिणगी मरत नाही. नुसत्या तांब्यातून मात्र रेडिओलहरींचा गोंधळ उठतो आणि मॉड्यूल भलत्याच वेळी ठिणगी मारू शकतं. सप्रेशन वायरी किंवा रेझिस्टर प्लग, दोन्हींपैकी एक हवंच.

‘टायमिंगला हात लावू नका.’ मॉड्यूलचा सेन्सर नेमका त्याच अंशावर ठिणगी देईल, जिथे तुमचे झिजलेले पॉइंट उघडत होते, असं मानायला काहीच आधार नाही. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, हे लक्षात ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी पुली खुणेवर आणा, डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटर आर्मचं तोंड कुठे आहे ते खडूनं बॉडीवर लिहा. बसवून झाल्यावर टायमिंग गनची क्लिप पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर लावा, आयडल मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या खाली ठेवा, व्हॅक्यूमची नळी असल्यास काढून बुजवा आणि मॅन्युअलमधल्या अंशावर खूण आणा. मग रेस ३००० पर्यंत चढवा. खूण सरळ सरकत पुढे जायला हवी आणि रेस सोडल्यावर परत यायला हवी. परत येत नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकली आहेत. खूण जागेवरच थरथरत असेल तर शाफ्टचा बुश ढिला आहे. हे दोष मॉड्यूल बरे करत नाही. शेवटची परीक्षा मुंब्रा बायपासच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये: टकटक ऐकू आली तर दोन अंश मागे घ्या.

तीस टक्के मायलेजचा दावा कसा तयार होतो, हे समजण्यासारखं आहे. पॉइंटचा घासणारा भाग झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. वर्षभर कुणी पाहिलं नाही तर गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त पिते. मॉड्यूल बसवताना मेकॅनिक प्लग, कॅप आणि टायमिंग सगळंच नीट करतो, आणि फरक मॉड्यूलच्या नावावर जमा होतो. मिश्रण एकदा पेटलं की मोठ्या ठिणगीनं त्यातून जास्त ताकद निघत नाही. मॉड्यूलचा खरा फायदा वेगळा आणि मोलाचा आहे: आज लावलेलं टायमिंग वर्षभरानंतरही तिथेच राहतं.

इथेनॉलचंही तेच. ई-२० मध्ये (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) एका लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते आणि हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं. कार्बोरेटर ते ओळखत नाही, मिश्रण पातळ होतं. त्यावर उपाय कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रात) आहे, ठिणगीत नाही. रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या हव्यात.

आणि पाऊस. घोडबंदर रोडवर साचलेल्या पाण्यातून गेल्यावर गाडी मिसिंग मारते, कारण पंखा ते पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडवतो. मॉड्यूल ओल्या कॅपला कोरडं करत नाही. मे महिन्यातच कॅप आणि वायरींचे रबरी बूट बदला, बुटांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

राहिला ‘पॉइंट फेकून द्या’ हा सल्ला. पॉइंट बिघडण्याआधी आठवडाभर कुरकुर करतात. मॉड्यूल जातं ते एका क्षणात. म्हणून काढलेला पॉइंट सेट, कंडेन्सर, दोन स्क्रू, गॅप मोजायची ०.४५ मिलिमीटरची फीलर पट्टी आणि एक टेस्ट लॅम्प डबीत घालून डिकीत ठेवा. रस्त्यात ठिणगी गेली तर लॅम्पची क्लिप अर्थिंगला आणि टोक कॉइलच्या उण्याला लावून सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल ठीक आहे, पुढे कॉइल, कॅप, रोटर आर्म तपासा. एकसारखा पेटून राहिला तर मॉड्यूल किंवा त्याचं अर्थिंग गेलं आहे. अजिबात पेटला नाही तर चावीकडून येणारा करंट आधी पाहा. तपासताना कॉइलची मधली वायर कधीही हवेत लटकती ठेवू नका, प्लग लावून इंजिनाला टेकवा, नाहीतर चांगलं मॉड्यूलही त्याच जागी जाईल.