एमसीबी मोठा करू नका, तो तारेसाठी आहे

परवा मामेबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला: ‘कमी लोडच्या घरात मायक्रोवेव्ह चालवण्याच्या युक्त्या’. खाली तिचं वाक्य, ‘दादा, उद्या वायरमन येतोय, 32चा एमसीबी बसवून घेते.’ एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आणि 32 हा त्याचा अँपिअरमधला आकडा. हातातलं काम टाकून तिला फोन लावला. हाच मेसेज मला आधी दोनदा आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

‘एमसीबी सारखा पडत असेल तर 10चा काढून 32चा बसवा.’ हे लिहिणाऱ्याला एमसीबी कशासाठी असतो तेच ठाऊक नाही. तो मायक्रोवेव्हला नव्हे, भिंतीतल्या तारेला जपतो. आयईसी 60898 हे घरगुती एमसीबीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या 1.13 पट प्रवाहाला तासभर पडायचं नसतं. म्हणजे 32चा एमसीबी 36 अँपिअर तासभर निमूट वाहू देणार, आणि तरी तो चांगलाच समजला जाणार. बहिणीच्या स्वयंपाकघरात तार आहे दीड चौरस मिलिमीटरची. प्रवाह तिप्पट झाला की तारेतली उष्णता नऊपट होते. आवरण मऊ पडतं, मग वितळतं, तेही पाइपाच्या आत, कुणाच्या नजरेला न पडता. जळका वास येईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

बरं, तिचा एमसीबी पडत का होता? 2000 वॅटची किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू. 10 अँपिअरच्या लाइनवर जवळजवळ 14 अँपिअर! पडला, हे चांगलंच झालं.

‘700 वॅट लिहिलंय म्हणजे 700च ओढतो.’ नाही. 700 हे अन्नापर्यंत पोचणारं आउटपुट. फोनवरच तिला मायक्रोवेव्ह फिरवून मागची पट्टी वाचायला लावली: इनपुट 1150. विकत घेताना हाच आकडा बघायचा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा आउटपुटचा असतो.

‘पॉवर 50 टक्के ठेवली की लोड निम्मा.’ साध्या मायक्रोवेव्हमध्ये असं होत नाही. कान देऊन ऐका: काही सेकंद घुंऽऽ, मग नुसता पंखा, पुन्हा घुंऽऽ. त्या घुंऽऽच्या वेळी तो पूर्ण लोडच घेतो. खरोखर कमी प्रवाह हवा असेल तर इन्व्हर्टरवाला मायक्रोवेव्ह बघा (घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, मायक्रोवेव्हच्या आतलाच).

‘कमी वॅट, निम्मं बिल’ हेही खोटं. वेळ वाढतो, युनिटं साधारण तेवढीच पडतात. आणि कन्व्हेक्शनवाल्यात (केक वगैरे भाजणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये) वेगळा हीटर असतो, मर्यादित लोडच्या घरात तो घेऊच नये.

लहान घराला कमी वॅटचा साधा सोलो, म्हणजे असा हीटर नसलेला, मायक्रोवेव्ह बरा, एवढं मात्र त्या मेसेजात खरं आहे. मान्य.

वायरमन येऊन गेला. एमसीबी 10चाच आहे. किटली बंद झाली की मग ती मायक्रोवेव्ह लावते.