कुत्र्याच्या डोळ्यामागचं इंजेक्शन: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

श्वानपालकांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. कुत्र्याच्या डोळ्याचं ऑपरेशन असेल तर डोळ्यामागे बधिर करणारं इंजेक्शन देऊ देऊ नका, असं त्यात म्हटलंय. कारणं तीन: पूर्ण भूल दिलेलीच असते, सुईने डोळा फुटतो, आणि सोनोग्राफी फक्त बिल वाढवायला करतात. हे वाचून लोक उपचार नाकारतात, म्हणून लिहितोय.

'भूल आहे, मग दुखेल कसं?' भुलीत कुत्र्याला जाणीव नसते, पण कापलेल्या जागेचे संदेश मेंदूकडे जातच राहतात. काचबिंदूने निकामी झालेला डोळा काढताना स्नायू ओढले की हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून माहीत आहे. डोळ्यामागचे मज्जातंतू बधिर केले की तिचा धोका घटतो आणि भुलीचा गॅसही कमी लागतो. शिवाय ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा असर काही तास टिकतो, त्यामुळे शुद्धीवर येतानाही जखम बधिर असते. गॅस बंद केला की त्याचा असर ओसरतो. त्यानंतरच्या वेदनेवर तो कामाचा नाही.

'सुईने डोळा फुटतो.' हा धोका खरा आहे, तो लपवू नये. रक्तस्राव होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूचं आवरण मेंदूच्या आवरणाशी सलग असतं. औषध त्यात शिरलं तर श्वास थांबू शकतो.

पण सोनोग्राफी नेमकी यासाठीच आहे! मिटलेल्या पापणीवर जेल लावून प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवला की नेत्रगोल काळा, गोल दिसतो. त्यामागे उजळ चरबी आणि तिच्यातून जाणारा मज्जातंतूचा गडद पट्टा. सुई चकाकणाऱ्या रेघेसारखी पुढे सरकते आणि औषध सोडताच टोकाशी काळसर डबकं पसरतं. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण १ मिली पुरतं. टोक दिसत नसेल तर थांबायचं, औषध सोडायचं नाही. अर्थात हे हाताच्या सवयीवर अवलंबून आहे, आणि प्रोबशिवाय हे इंजेक्शन नीट देणारे अनुभवी डॉक्टरही आहेत.

हे इंजेक्शन सरसकट द्यावं, असं मी म्हणत नाही. डोळ्यामागे गाठ किंवा पू असेल तर टाळावं. पगसारख्या, डोळ्याची खोबणी उथळ असलेल्या कुत्र्याचा डोळा खोल जखमेमुळे फुटायच्या बेतात असेल, तर मागून वाढणारा दाब महागात पडेल. बुब्बुळावरच्या किरकोळ कामाला बधिर करणारे थेंबही पुरतात. म्हणून नकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: औषध कोणतं, किती मिली, आणि सुईचं टोक कसं बघणार?