कृपेत मजेत राहण्याचे सोपे उपाय

तारण झालं, बाप्तिस्मा झाला, अभिनंदन! आता शिष्यत्वाच्या फंदात पडून तब्येत बिघडवू नका.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं आणि नववं वचन पाठ करा. तारण कृपेने, कर्मांनी नव्हे. बस्स. दहाव्यात सत्कृत्यांची भानगड आहे, तिथे पोचायच्या आत पान उलटा.

‘दररोज आपला वधस्तंभ उचल’ असं लूक ९:२३ मध्ये आहे खरं. गुडघेदुखीला किंवा सासूला वधस्तंभ म्हणावं, भागतं.

प्रभुभोजनाआधी पाळक ‘आत्मपरीक्षा करा’ म्हणतात, तेवढ्यात मोबाइल सायलेंटवर टाकून घ्यावा.

जर्मन पाळक बोनहोफरची ‘स्वस्त कृपा’, म्हणजे पश्चात्तापाशिवायची क्षमा, प्रवचनात जरूर आणा, वजन येतं. मात्र हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला हा पाळक ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फासावर गेला, हे सांगत बसू नका. लोक उगाच अस्वस्थ होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कुणाचं वाईट केलंत तर परस्पर देवाशी मिटवा, त्या माणसाला मध्ये घेऊ नका. मंडळीतल्या एका बंधूंनी मी दानाचे पैसे खाल्ले असं पसरवलं होतं. हिशेब तपासले गेले, पै न् पै जुळली. परवा उपासनेनंतर मी त्यांना गाठलं. बायबलच्या कव्हरची चेन सावकाश लावत, प्रसन्न हसत ते म्हणाले, “ताई, प्रभूने मला केव्हाच क्षमा केलीय. तुम्ही अजून धरून बसलात? तुमच्या मनातल्या कटुतेसाठी प्रार्थना करतो.” आणि केलीसुद्धा! तिथल्या तिथे, माझ्या डोक्यावर हात ठेवून, चार लोकांना ऐकू जाईल अशी. खोटं बोलले ते, आणि पश्चात्ताप करायचा मी!

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालेला दास आहे. म्हणजे साधारण सहा कोटी दिवसांची मजुरी. बाहेर पडून त्याने शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरला. निदान तो सोबती त्याचं काही देणं लागत तरी होता! इथे कर्जदारच सावकाराचा गळा धरतोय, तोही स्तोत्र गुणगुणत. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाला येशूने एक पैसा मागितला नव्हता. तो फक्त त्याच्या घरी उतरायला आला. कृपा आधी आली, आणि तेवढ्याने तो माणूस उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. १५१७ मध्ये धर्मसुधारक लूथरने ज्या पापमोचनपत्रांवर, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट म्हणून विकल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर, तोफ डागली त्यांना निदान पैसे पडायचे हो! आणि त्याचा पहिलाच मुद्दा होता, विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. सबंध आयुष्य. रविवारची दहा मिनिटं नव्हेत.

पुरे झाली थट्टा. बंधू, रोमकरांस पत्रातलं ‘दंडाज्ञा नाही’ तुम्हाला तोंडपाठ आहे. तो आठवा अध्याय. सहावा उघडा. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, असं पौल विचारतो आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही! वेदीपाशी दान तिथेच ठेवून आधी दुखावलेल्या भावाकडे जा, हे सांगणारा तर खुद्द प्रभू आहे. तेव्हा ज्या ज्या घरी बसून माझ्याबद्दल बोललात, त्या त्या घरी जा. ‘मी खोटं बोललो’ असं म्हणा. माझ्यासाठी प्रार्थना नको. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला उभे राहण्याआधी हे उरका.