भानगड वरची, पॉइंट टीमचे
इटलीतल्या युव्हेंटस फुटबॉल क्लबचा माजी अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्लीवरच्या केसचं वाचून लई वाईट वाटलं भावांनो. 2022 च्या नोव्हेंबरात अख्ख्या बोर्डासकट राजीनामा दिला, आरोप काय तर ट्रान्स्फरच्या किमती फुगवून हिशेबात नफा दाखवला आणि कोरोनात खेळाडूंनी पगार सोडला म्हणून जाहीर केलं पण मागनं वेगळे करार करून तो द्यायचं ठरवलं. शेअर बाजारातला क्लब हाय, साध्या माणसाचा पैसा अडकतो. वर 2023 ला टीमचेच पॉइंट कापले, आधी 15, शेवटी 10, पोरांचा काय गुन्हा? हितं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेतली माणसं उन्हात बसून आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमसाठी घसा फोडतात, त्यांना विचारा एक पॉइंट जाणं म्हणजे काय. सही करणाऱ्यांना धरा, दंड त्यांच्या खिशातनं काढा.