मॉर्गनबद्दल बोलायचंय

आज एका मित्राने मंकी आयलंड या समुद्री चाच्यांच्या विनोदी व्हिडिओ गेम मालिकेतले गेम्स कुठल्या क्रमाने खेळायचे याची यादी टाकली, आणि 'टेल्स ऑफ मंकी आयलंड'पुढे लिहिलं, 'हा सोडला तरी चालेल, साईड कॅरेक्टर्स लक्षात राहात नाहीत.' सकाळपासून डोकं फिरलंय. लक्षात राहात नाहीत?? अरे मॉर्गन लफ्ले लक्षात राहात नसेल तर तू गेम खेळलास की नुसती बटणं दाबत पुढे गेलास?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००९ मध्ये टेलटेल या कंपनीने हा गेम पाच भागांत काढला, जुलै ते डिसेंबर, साधारण महिन्याला एक. नायक गायब्रश थ्रीपवूड हा तोच आपला धडपड्या समुद्री चाचा, मंत्रतंत्राच्या घोळात त्याचा जुना वैरी, मेलेला चाचा लीचक, चक्क माणूस होतो आणि गायब्रशच्या डाव्या हाताला शापाची लागण होते. तो हात त्याचं ऐकेना, आपला आपण वळवळतो. आणि पहिल्या भागाच्या अगदी शेवटी जहाजावर एक पोरगी त्याच्या गळ्याला तलवार लावते. संपला भाग. ही मॉर्गनची एंट्री! दुसरा भाग सुरू होताच झटापटीत ती तो हातच उडवते.

मी हा गेम ताईसोबत खेळले. ताईला गेम्सचा अजिबात नाद नाही, पण ती शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि कोडं अडलं की मला सुचवायची. मॉर्गन आली तेव्हा ती म्हणाली, "ही वाईट नाहीये, बघ तू." आणि खरंच, पुढे कळतं की ही सुपारी घेणारी बाई मुळात गायब्रशची फॅन आहे. त्याच्या गोष्टी ऐकून वाढलीये, आणि आता प्रत्यक्षात समोर हा असा बावळट माणूस उभा. तिचं ते हिरमुसणं, तरीही त्याच्यावर जीव लावणं, आणि शेवटी पैशासाठी त्याला त्या फ्रेंच डॉक्टर दे सिंजच्या हवाली करणं, हे विनोदी गेममध्ये लिहायला हिंमत लागते हो.

बरं, मान्य, पहिला भाग जिथे घडतो त्या फ्लॉटसम बेटावरचे बरेच चाचे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात आणि जंगलात फिरताना कंटाळा येतो. ठीक आहे. पण म्हणून विन्स्लो विसरायचा? रेजिनाल्ड व्हॅन विन्स्लो! ज्याचं जहाज गायब्रशने हिसकावलं, तोच त्याच जहाजावर त्याच्या हाताखाली इमानदारीत उभा राहतो आणि पुढे जलमानवांपैकी ॲनेमोनीच्या प्रेमात पडतो, आणि गेम त्याची टर न उडवता ते प्रेम सरळ प्रेम म्हणून दाखवतो. तिसऱ्या भागात तर अख्खं जहाज एका महाकाय मॅनेटीच्या (समुद्रगायीच्या) पोटात, तिथे आधीच अडकलेली माणसं भाईचारा स्थापन करून राहतायत, आणि तोंडं वेडीवाकडी करायच्या स्पर्धेत समोर कोण तर मालिकेतला जुना गडी मरे. मरे! नुसती कवटी, ना गाल ना ओठ. ताई त्या प्रसंगाला इतकी हसली की मला गेम थांबवावा लागला.

आणि मग चौथा भाग. कोर्टात गायब्रशवर खटला, विरोधी वकील म्हणून मालिकेतला जुना बोलबच्चन विक्रेता स्टॅन उभा, आपण हसतोय, आणि त्याच भागात मॉर्गन मरते. नंतर लीचक गायब्रशलाही मारतो. क्रेडिट्स. ऑक्टोबरचा शेवट, आणि पुढचा भाग थेट डिसेंबरात. ताई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "त्यांनी तिला असं नको होतं मारायला." गायब्रशबद्दल एक शब्द नाही, तो नायक आहे, परत येणार हे तिला माहीतच होतं. काळजी मॉर्गनची. मधल्या काळात फोनवरही तिचं तेच, मॉर्गन परत येईल का. जी बाई एरवी गेम्सना पोरकटपणा म्हणायची, ती.

हे लिहिता लिहिता राग जरा निवळलाय खरं तर. तो मित्र वाईट नाहीये, त्याने बहुतेक पाचही भाग एका शनिवारी उरकले असणार, आणि तिथेच सगळं हुकतं. पाचव्यात गायब्रश परलोकात मॉर्गनला पुन्हा भेटतो, तेव्हा आम्हाला जे वाटलं ते मधल्या थांबण्यामुळे वाटलं. पात्र आपल्यासोबत घरात राहिलेलं असतं तोवर. दोन तासांत भेटून मेलेलं कोणी कसं राहणार लक्षात.

तरी 'सोडला तरी चालेल' हे मला पटणार नाहीच. २०२२ मध्ये नवा मंकी आयलंड आला, तेव्हा ताईने पहिला प्रश्न विचारला, "त्यात मॉर्गन आहे का?" मी नाही म्हटलं, आणि तिने विषयच सोडला.

तर ज्यांनी खेळला नाही त्यांनी खेळा, आणि सलग खेळू नका. निदान चौथा भाग संपला की कॉम्प्युटर बंद करा, काही दिवस पाचवा उघडू नका. आणि त्या मित्राला टॅग करत नाहीये, पण तो हे वाचणार, त्याने यादी बदलावी.