मिस्टर नाको यांचा नवा लॅपटॉप

'धिस फील्ड इज रिक्वायर्ड' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. मारणार नाही. समोर बसवून एक फॉर्म भरायला देणार, आणि शेवटच्या रकान्याला पोचला की सगळा कोरा करणार.

लॅपटॉप आला. आज सकाळी. दीड महिना वाट बघितली, १ लाख ४६ हजार मोजले (त्यातले बावीस हजार जीएसटीचे, ते वेगळं दुखणं), प्रोसेसरपासून पडद्यापर्यंत एकेक गोष्ट रात्र रात्र जागून निवडली. खोक्यातून काढला. काळं मॅट झाकण, काय ते सुंदर. आणि त्या झाकणाच्या बरोब्बर मधोमध, लेझरने कोरलेली, लांबून दिसतील अशी चार चंदेरी इंग्रजी अक्षरं. एन, ए, के, ओ.

नको.

ऑर्डर देताना 'नेम ऑन लिड' असा रकाना होता. फुकट होतं. मला नाव नको होतं, मी काही टिफिनचा डबा घेत नव्हतो. रकाना कोरा ठेवला, तर लाल तारा आणि वरचं ते वाक्य. टिंब दिलं, तर म्हणे किमान तीन अक्षरं. 'एनए' लिहिलं, दोनच भरली. देवनागरीत 'नको' लिहिलं, तर फक्त इंग्रजी अक्षरं चालतील. रात्रीचा पाऊण वाजला होता, पेमेंटच्या पानावर सहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं, मी इंग्रजीत 'नको' लिहून पुढे गेलो. मला वाटलं कुठेतरी कुणीतरी माणूस असेल. तो वाचेल, हसेल, आणि सोडून देईल.

माणूस नव्हता. किंवा होता आणि त्याला मराठी येत नव्हतं. किंवा येत होतं, आणि तो आजही हसतोय. हा तिसरा पर्याय मला झोपू देणार नाही.

आईने तोवर हळदीकुंकवाची वाटी आणली होती. नवीन वस्तू आली की आमच्याकडे मिक्सर असो की गाडी, कुंकू लागतंच. तिने चष्मा लावला, एकेक अक्षर बोटाने वाचलं, आणि विचारलं, "अरे, नको काय? कोण नको?" मी म्हटलं, कुणी नको नाही, चुकून आलंय. "मग देवाचं नाव तरी घालायचंस. एवढे पैसे घालून कुणी अभद्र लिहितं का?" आणि 'नको'च्या वर स्वस्तिक काढलं. आता ते दुकानावरच्या पाटीसारखं दिसतंय.

कस्टमर केअरला फोन लावला. अठरा मिनिटं ते सनईसारखं काहीतरी ऐकलं. मग एक अत्यंत गोड आवाज: "अॅम आय स्पीकिंग टू मिस्टर नाको?"

कारण त्यांच्या सिस्टीमने वॉरंटीसुद्धा त्याच नावाने नोंदवलीय.

मी म्हटलं, बाई, ते नाव नाही. मराठीत त्याचा अर्थ 'नहीं चाहिए'. "ओके सर, तो आपको क्या नहीं चाहिए?" मला नाव नहीं चाहिए. "सर, नेम तो आपने ही दिया है." बरोबर आहे, मीच दिलंय. झाकण बदलून द्या. "सर, कस्टमाइज्ड प्रॉडक्ट रिटर्न पॉलिसी में नहीं आता." कस्टमाइज्ड कशामुळे? "नेम एन्ग्रेव्ह हुआ है ना सर." म्हणजे मी 'नको' म्हटलं म्हणून तो माझा झाला, आणि माझा झाला म्हणून आता नको म्हणता येत नाही. लग्नातसुद्धा याच्यापेक्षा जास्त सवलत असते. शेवटी ती म्हणाली, "एनीथिंग एल्स, मिस्टर नाको?" आणि मी, छत्तीस वर्षांचा कर भरणारा नागरिक, म्हणालो, "नो, थँक यू." सवयीने. याचा राग तिच्यावर नाही, स्वतःवर आहे.

पाच मिनिटांत मेल. 'डिअर नाको, हाऊ डिड वी डू टुडे?' खाली अभिप्रायाचा रकाना. त्यावर लाल तारा.

हे सगळं भिवंडीपासूनच सुरू झालं होतं. पार्सल बंगळूरहून भिवंडीला दोन दिवसांत आलं. भिवंडीहून डोंबिवलीला चार दिवस. अहो, आता मधे माणकोलीचा पूल झालाय! मी पुलाच्या डोंबिवलीकडच्या टोकाला, मोठागावला उभा राहून हात केला असता तर गोडाऊनवाल्याला दिसलो असतो. रोज 'आऊट फॉर डिलिव्हरी', रोज रात्री 'कस्टमर नॉट अव्हेलेबल'. मी अव्हेलेबल होतो. रजा टाकून अव्हेलेबल होतो. आज शेवटी त्याचा फोन: "सर, मैं स्टेशन के पास हूँ, आप आ जाओ." पूर्वेला का पश्चिमेला, तर त्याला माहीत नाही. दीड लाखाचं खोकं घेऊन मी रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो, आणि मागच्या काकांनी विचारलं, "मिक्सर का?"

असो. पिनेवर येऊ. कारण झाकणाचं मी एक वेळ विसरेन, पिनेचं नाही.

चार्जर. विटेएवढा, आणि वजनालाही तसाच. त्याच्या वायरच्या टोकाला जाड पिन आहे. फ्रिजची. गिझरची. १६ अँपिअरची, ती तीन लठ्ठ पायांची. चार्जर ३०० वॅटचा. ३०० भागिले २३० करा, शाळेत केलंय सगळ्यांनी. फार तर दीड अँपिअर. दीड अँपिअरसाठी सोळाची पिन म्हणजे चमचाभर साखर आणायला टेम्पो.

आणि आमच्या बिल्डरने, त्याचं कल्याण होवो, अख्ख्या फ्लॅटमध्ये जाड पिनेचे चार पॉइंट दिलेत. एक बाथरूमच्या वर, गिझरचा. एक एसीचा, छताला टेकलेला. एक वॉशिंग मशीनचा, बाल्कनीत, जिथे कबुतरं राहतात. आणि एक फ्रिजमागे. ज्या टेबलासाठी मी तीन महिने नकाशे काढले, खुर्ची घेतली, मागे निळा दिवा लावला, तिथे दोन बारीक पॉइंट. त्यातल्या एकाला मोबाइल लावला की ठिणगी पडते.

तर सध्या मी स्वयंपाकघरात बसलोय. फ्रिज आणि भांड्यांच्या मांडणीच्या मधे. गेमिंग सेटअप.

कन्व्हर्टर मिळतो, माहितीये. खालच्या इलेक्ट्रिकवाल्याने स्वतःच सांगितलं, "घ्या साहेब, पण ढिला बसतो, तापतो, मग मला बोलू नका." मग भाचा आला. वय चौदा. त्याने विटेच्या मागची वायर ओढून काढली आणि म्हणाला, "मामा, ही तर साधी कॉम्प्युटरची वायर आहे. जुन्या पीसीची बारीक पिनेची आणून लाव ना." बरोबर. अगदी बरोबर. तीच वायर. ती माळ्यावर होती, दहा-बारा वर्षं होती. पंधरा दिवसांपूर्वी 'आता कशाला लागणार' म्हणून जुना डबा आणि वायरींचं अख्खं गाठोडं मी भंगारवाल्याला दिलं. सगळ्याचे मिळून ६०० रुपये. बायको म्हणाली होती, वायरी ठेव. मी हसलो होतो. ती आज हसली नाही, नुसतं माळ्याकडे बघितलं. नवीन वायर दीडशे-दोनशेला मिळते, पण ज्या दुकानात मिळते ते आज बंद.

त्या जुन्या डब्याचंही सांगतो. २०११ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन जमवला होता. दुकानदाराने वर मान न करता पाठकोऱ्या कागदावर सात ओळी लिहिल्या, खाली बेरीज, त्यातून पाचशे कमी. तासाभरात माझ्यासमोर जोडला. त्या सात ओळींतलं जे लिहिलं ते सगळं डब्यात होतं. कॅबिनेट मांडीवर घेऊन ग्रँट रोडहून धीम्या लोकलने आलो, दादरला एकाने त्याच्यावर पिशवी ठेवली. त्याला कुणी 'कस्टम बिल्ट एक्सपिरियन्स' म्हणत नव्हतं. त्याला 'असेंबल्ड' म्हणायचे, आणि जरा नाक मुरडून म्हणायचे.

इथे मी १६ जीबीच्या दोन रॅम निवडल्या होत्या. त्यासाठी वेगळा रकाना होता, ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्या एकदम चालतात, वेग वाढतो), त्याचे वेगळे पैसे. टास्क मॅनेजर उघडला: दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. ३२ जीबीची एकच पट्टी. कस्टमर केअरचं उत्तर: "सर, टोटल तो सेम है ना." हो, आणि दोन पायांच्या ऐवजी एकच जाड पाय दिला तरी वजन सेमच भरतं. उघडून स्वतः दुसरी बसवावी म्हटलं तर स्क्रूवर कागद चिकटवलाय, फाटला की वॉरंटी गेली. वॉरंटी मिस्टर नाकोंची आहे, माझं काय जातंय, असंही एकदा मनात आलं.

१ टीबीच्या डिस्कचं ९३१ जीबी दिसणं वगैरेवर मी आता चिडत नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने मोजतं, मधल्यामधे आपलं जातं. दूधवाल्याचं माप समजून सोडून द्यायचं.

पण 'पर्यंत' सोडणार नाही. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० घेतलं. त्यांच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'अपटू ११५ वॅट'. भाच्याने दोन मिनिटं काहीतरी चालवलं, पडद्याकडे बघून डॉक्टर एक्स-रे बघतात तसा चेहरा केला. "मामा, टीजीपी विचारला नव्हतास?" म्हणजे? "ग्राफिक्सला किती वॅट मिळणार ते. हा ८५ च्या वर जातच नाही." लॅपटॉपच्या ४०७० ला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही देता येतं म्हणे, आणि नाव प्रत्येक वेळी ४०७० च. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट, आतला चिपच वेगळा. लॅपटॉपच्याला ८ जीबी. नाव तेच. आमच्या शाळेत एकाच वर्गात तीन प्रशांत होते, पण निदान आडनावं तरी वेगळी होती.

'७० टक्क्यांपर्यंत सूट'वाल्या दुकानात सत्तर टक्के फक्त रुमालावर असते हे ज्याला विसाव्या वर्षी कळलं होतं, तो माणूस छत्तिसाव्या वर्षी परत 'पर्यंत'ला फसला. आणि मी ऑफिसात काय काम करतो? टेंडरचे कागद तपासतो. लोकांनी लिहिलेले 'पर्यंत' शोधून लाल गोल करणं हे माझं काम आहे. त्याचा मला पगार मिळतो. त्याच पगाराचे हे अठरा हप्ते.

पडदा १६५ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. खोक्यातून आला तो ६० वर लावलेला. मला कळलंच नव्हतं. मी तासभर "वा, काय स्मूथ आहे" म्हणत होतो. भाच्याने गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन बदललं आणि काही बोलला नाही. ही नवी पिढी उद्धट आहे म्हणतात, तसं काही नाही.

पंखे. पडद्यावर काहीच चालू नसताना शांत, आणि गेम उघडला की पिठाची गिरणी. बायको हॉलमधून ओरडली, "कुकर बंद कर!" तिसरी शिट्टी झाली असं तिला वाटलं. कीबोर्डची डावी बाजू, म्हणजे नेमकी बोटं ठेवायची जागा, एवढी तापते की आईने विरजण लावलेलं भांडं आणून शेजारी ठेवलं. "लवकर लागेल," म्हणाली. चेष्टा करत नव्हती.

आणि हो, गेम. १२० जीबीचा. सकाळी अकराला डाउनलोड लावला, आता ४३ टक्के झालाय, मधे दोनदा केबलवाल्याचं नेट गेलं. तोवर गंज काढावा म्हणून 'एज ऑफ एम्पायर्स टू' टाकला. १९९९ सालचा. खरं सांगू, झक्कास चालला. मेंढ्या काय स्पष्ट दिसतात! हा गेम मी कॉलेजच्या लॅबमध्ये सर जेवायला गेले की खेळायचो, त्या मशीनवरसुद्धा झक्कासच चालायचा. पण मेंढ्या इतक्या स्पष्ट नव्हत्या. १ लाख ४६ हजारांचा काहीतरी फरक पडायला हवाच.

भाचा जाताना झाकणाकडे बघत म्हणाला, "मामा, खरं तर भारी गेमरटॅग आहे. जपानी वाटतं." मी त्याला ओरडणार होतो. मग ऑनलाइन खेळायला अकाउंट उघडलं, तिथे नाव विचारलं, त्यावर लाल तारा. 'नाको' लिहिलं. तर म्हणे हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. म्हणजे माझ्यासारखा अजून एक आहे.

आई आत आली. फ्रिज उघडून उभी आहे. फ्रिजची पिन मी साडेचार तासांपूर्वी काढली होती, दुधाचं पातेलं तिच्या हातात आहे, आणि ती पातेल्याकडे नाही, माझ्याकडे बघतेय. काढतो वायर. मग नुसत्या बॅटरीवर, या पंख्यांच्या हिशोबाने, हा फार टिकायचा नाही. स्क्रूवरच्या त्या कागदाबद्दल अजून बरंच बोलायचं होतं, ते उद्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून लिहितो. त्याची पिन बारीक